घानातला एक सर्व्हर

27 जून 2017 रोजी मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर एकामागोमाग एक बंद पडत गेले. पडद्यावर डिस्क दुरुस्त होत असल्याचा संदेश आणि हळूहळू वाढणारी टक्केवारी. प्रत्यक्षात त्या वेळात नॉटपेट्या हा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, डिस्कची अनुक्रमणिका, म्हणजे एमएफटी, कुलूपबंद करत होता. कुठली फाइल कुठे आहे हे सांगणारं पानच गेलं! आपल्या न्हावा शेवा इथलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं.

कंपनीत कोणाला काय उघडता येतं याची नोंद ठेवणारे सुमारे 150 सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, होते. प्रत्येकाकडे तीच नोंद, म्हणून एखादा गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब. पण हे सगळे कायम एकमेकांना जोडलेले, त्यामुळे सगळेच एकदम गेले. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्याच्यावरून पुढची उभारणी झाली; दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने बसवावे लागले.

सिंक (सगळीकडच्या प्रती आपोआप सारख्या ठेवणं) आणि बॅकअप (वेगळी काढून ठेवलेली प्रत) यांतला फरक इथेच आहे. सिंक तुमची बिघडलेली फाइलही इमानेइतबारे सगळीकडे पोचवतो. गुगल ड्राइव्हवर फाइलची जुनी आवृत्ती मिळते, पण साधारण 30 दिवसच. विंडोजने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, तर रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा मालवेअर) बहुधा आधीच पुसून टाकतं. 2017 च्याच मे महिन्यातल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने तेच केलं होतं.

छोट्या ऑफिसला बॅकअपसाठी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क पुरतात. एका आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरी अशा आलटून पालटून वापरा आणि जी वापरात नाही ती घरी ठेवा. कॉपी करण्याआधी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद करा, नाहीतर उघड्या फायलींची अर्धवट प्रत निघते. कॉपी झाली की डिस्क इजेक्ट करून केबल काढा. हीच पायरी सर्वात जास्त वेळा राहून जाते, आणि रात्रभर लावून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच कुलूपबंद होते.

तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर या डिस्कमधल्या पाच-दहा फायली उघडून बघा, नुसती नावं बघून भागत नाही. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं कुलूप, लावला असेल, तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा, त्याच संगणकात नको.