इंग्लंडमधले एकोणिसाव्या शतकातले पूर्वज कसे शोधावेत: दाखले, खानेसुमारी आणि चर्चच्या वह्या

पुण्याच्या कॅम्पात किंवा भुसावळ-इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरांत वाढलेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत ‘आमचे खापरपणजोबा विलायतेहून आले’ हे हमखास ऐकायला मिळतं. विलायतेत कुठून, असं विचारलं की मात्र गाडी अडते. इंग्लंडमध्ये स्थायिक होऊन तिथेच लग्न केलेल्या मराठी मुलामुलींनाही मुलांसाठी सासरची वंशावळ मांडताना हाच प्रश्न पडतो.

त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे गेलात की ते आधी मूळ गाव विचारतात, मग वही काढतात. इंग्लंडमध्येही आधी गावच लागतं. तिथल्या जुन्या नोंदी पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीप्रमाणे ठेवलेल्या आहेत. पॅरिश माहीत नसेल तर ‘जॉन स्मिथ, सुतार’ एवढ्यावर शेकडो माणसं निघतात आणि त्यातला आपला कोण हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून खाली दिलेला सगळा खटाटोप पॅरिशचं नाव मिळवण्यासाठी आहे असं समजा.

अर्ज कोण करू शकतं?

कुणीही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा जन्म, विवाह किंवा मृत्यूचा दाखला मागवायला नातं सिद्ध करावं लागत नाही, ब्रिटिश नागरिकत्वही लागत नाही. परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड आणि टपालाचा नीट पत्ता असला की भारतात बसून काम होतं. खानेसुमारीला मात्र शंभर वर्षांचं कुलूप आहे. त्यामुळे सध्या सर्वात अलीकडची खुली खानेसुमारी १९२१ची, ती २०२२च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ची वाट पाहू नका. तिचे कागद १९४२मध्ये आगीत जळाले आणि १९४१ला युद्धामुळे खानेसुमारी झालीच नाही.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून

नेहमी अलीकडून मागे जायचं. ‘आपण अमुक लॉर्डच्या घराण्यातले’ असं धरून वरून खाली यायला लागलात की फसलात. घरातले बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचे कागद, रेल्वेचं सर्व्हिस बुक, पलटणीतून सुटल्याचा कागद, थडग्यावरच्या मजकुराचा फोटो, सगळं आधी एकत्र करा.

पूर्वज मुंबई इलाख्यात असतील तर एक मोठी सोय आहे. इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत आणि मुंबई इलाख्याच्या मालिकेचा क्रमांक ‘एन/३’ आहे. त्यांच्या प्रतिमा ‘फाइंडमायपास्ट’ या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची सूची फुकट आहे, आधी तिथे शोधा.

या नोंदींत नाव, हुद्दा, पलटण, बापाचं नाव मिळतं, पण इंग्लंडमधलं गाव क्वचितच. ते मिळायची सर्वात चांगली जागा म्हणजे सैनिकाचे निवृत्तीचे कागद. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ९७’ या क्रमांकाखाली ते आहेत. त्यांत जन्माची पॅरिश, भरतीच्या वेळचं वय आणि आधीचा धंदा लिहिलेला असतो. मेख एवढीच की १८८३पूर्वी ही मालिका पेन्शन घेऊन सुटलेल्यांचीच आहे. पटकी नाहीतर तापाने इथेच वारलेला शिपाई तिथे सापडत नाही.

सरकारी दाखले: १ जुलै १८३७पासून

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी या तारखेला सुरू झाली. (स्कॉटलंड आणि आयर्लंडचं खातं वेगळं, ते इथे घेत नाही.) काम जनरल रजिस्टर ऑफिसकडे, म्हणजे जीआरओकडे आहे. आधी त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, सूचीत नोंद शोधायची, वर्ष, तिमाही, जिल्हा, खंड आणि पान टिपून घ्यायचं आणि मग मागणी करायची. सूचीतली तिमाही नोंदणीची असते. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडतं.

जीआरओच्या सूचीत जन्माच्या नोंदीसमोर आईचं माहेरचं आडनाव अगदी १८३७पासून दिलेलं आहे. छापील जुन्या सूचीत ते १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं. याचा फायदा असा की एकाच आईबापाची सगळी मुलं पैसे न भरता हुडकता येतात. विवाहाची सूची जीआरओच्या संकेतस्थळावर नाही, ती ‘फ्रीबीएमडी’ या संकेतस्थळावर पाहायची.

२०२४च्या दरवाढीनंतर कागदी दाखल्याला साडेबारा पौंड, पीडीएफला आठ पौंड आणि नुसती प्रतिमा पडद्यावर पाहायला तीन पौंड पडतात. दर मधूनमधून वाढतात, तेव्हा पैसे भरण्याआधी एकदा पडताळा. नुसत्या वंशावळीसाठी प्रतिमा किंवा पीडीएफ पुरते. विवाहाचा दाखला मात्र कागदावरच मिळतो.

शेकडो माणसांतून आपला जॉन स्मिथ वेगळा काढायचा असेल तर साडेबारा पौंड विवाहाच्या दाखल्यावरच खर्च करावेत, असं माझं मत. त्यावर वधू-वर दोघांच्याही बापांची नावं आणि धंदे असतात. आयांची नावं नसतात. ती इंग्लंडमध्ये थेट ४ मे २०२१पासून लिहायला लागले! वयाच्या रकान्यात ‘पूर्ण वय’ एवढंच लिहिलेलं असेल तर एकवीस किंवा त्याहून जास्त, असा अर्थ घ्यायचा.

सुरुवातीला जन्म नोंदवण्याची सक्ती पालकांवर नव्हती, ती १८७५पासून कडक झाली. म्हणून १८४०-५०च्या सुमाराचा जन्म सूचीत मिळाला नाही तर हात टेकू नका. त्या मुलाचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत असण्याची शक्यता बरीच असते.

खानेसुमारीचं पान वाचताना

खानेसुमारी १८०१पासून दर दहा वर्षांनी होत आली, पण वंशावळीला उपयोगी पडते ती १८४१पासूनची. १९०१पर्यंत घरोघरी भरलेले मूळ तक्ते शिल्लक नाहीत. गणकाने त्यावरून उतरवलेल्या वह्या आहेत. म्हणजे आपण पाहतो ती नक्कल, आणि चुका तिथूनच सुरू होतात.

१८४१चं पान कंजूष आहे. पंधरा वर्षांवरच्यांचं वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेलं, म्हणजे ४४चा माणूस ४०चा होतो. कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं नाही. जन्मस्थळाच्या जागी याच काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) जन्म झाला की नाही, एवढंच. नावांच्या कडेला मारलेल्या तिरप्या रेघा पाहा: एक रेघ म्हणजे एक कुटुंब संपलं, दोन रेघा म्हणजे घर संपलं.

१८५१मध्ये मात्र खजिना उघडतो. कुटुंबप्रमुखाशी नातं, विवाहित की विधुर, वय, धंदा आणि शेवटच्या मोठ्या रकान्यात जन्माची काउंटी आणि पॅरिश. आपल्याला हवं ते हेच! धंद्याच्या रकान्यात ‘अ‍ॅग लॅब’ दिसलं तर शेतमजूर, ‘स्कॉलर’ दिसलं तर शाळेत जाणारं मूल. गणना ३० मार्च १८५१ची. त्या दिवशी ५२ वर्षांचा असलेला माणूस ३१ मार्च १७९८ ते ३० मार्च १७९९ या काळात जन्मलेला, म्हणून वहीत आधी १७९८ पाहा.

नाव सापडत नसेल तर आडनावाचा रकाना कोरा ठेवा आणि पाळण्यातलं नाव, अंदाजे वय आणि जन्मस्थळ एवढ्यावर शोधा. गणकाने कानावर पडलं तसं लिहिलं, सूची करणाऱ्याने दिसलं तसं वाचलं. एच गिळून बोलणाऱ्या भागात हॅरिसचा आरिस झालेला असतो. १८८१ची सूची ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर फुकट आहे, खातं उघडलं की झालं. बाकीच्या पैसे भरून पाहायच्या, किंवा इंग्लंडमध्ये राहत असाल तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. अनेक ठिकाणी सशुल्क संकेतस्थळं वाचकांना मोफत उघडून देतात.

१९११चं पानही सोडू नका. त्यात विवाहित स्त्रीला चालू लग्नात किती मुलं झाली, किती हयात आहेत, किती गेली, हे विचारलं होतं. १८८०-९०च्या दशकात लग्न झालेल्या जोडप्याची, दोन खानेसुमाऱ्यांच्या मधे जन्मून गेलेली बाळं तिथेच कळतात.

चर्चच्या वह्या

पॅरिश मिळाली की १८३७च्या मागे जाता येतं. इंग्लंडमध्ये चर्चच्या वह्या १५३८पासून ठेवायचा हुकूम होता. १८१३पासून बाप्तिस्मा आणि दफनासाठी छापील रकान्यांच्या वह्या आल्या. बाप्तिस्म्याच्या एका पानावर आठ नोंदी असतात आणि प्रत्येकीत तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि पाद्र्याची सही. आईचं माहेरचं आडनाव नाही. बापाची जागा रिकामी असेल तर आई अविवाहित असणार असं धरा. दफनाच्या नोंदीत वय असतं, पण जवळच्या नातेवाइकाचं नाव सहसा नसतं.

१७५४पासून १८३७पर्यंत ज्यू आणि क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) वगळता सर्वांना कायदेशीर लग्न अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्येच लावावं लागे, मग घर मेथडिस्ट असो की कॅथलिक. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारली जात. वर आणि वधू वेगळ्या पॅरिशचे असतील तर दोन्हीकडे. ही पुकाऱ्याची वही जरूर पाहा, कारण नवरामुलगा मूळचा कुठला याचा माग तिथे लागतो.

शंभर वर्षांपेक्षा जुन्या वह्या साधारणपणे काउंटीच्या अभिलेखागारात जमा असतात, त्यामुळे पाद्र्यांना पत्रं लिहीत बसू नका. मूळ वही हरवली किंवा भिजून खराब झाली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल मागा. लँकेशायर आणि कॉर्नवॉलच्या बऱ्याच नोंदी ‘ऑनलाइन पॅरिश क्लार्क’ या स्वयंसेवकांनी फुकट उपलब्ध केल्या आहेत.

व्हिसासाठी हे सगळं करत असाल तर

भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या अ‍ॅन्सेस्ट्री व्हिसासाठी अर्ज करता येतो. वय किमान १७ हवं, ब्रिटनमध्ये काम करण्याचा इरादा आणि खर्च भागवण्याची ऐपत दाखवावी लागते, आणि आजी-आजोबांपैकी एक जण ब्रिटनमध्ये जन्मलेला हवा. पणजोबा चालत नाहीत, सावत्र आजोबाही नाहीत. तेव्हा एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या पूर्वजाचा उपयोग आज साठी-सत्तरीतल्या अर्जदारालाच होण्याची शक्यता जास्त. त्याने आपला, संबंधित आईचा किंवा वडिलांचा आणि त्या आजी-आजोबांचा असे जन्माचे पूर्ण दाखले जोडायचे, आणि नाव जिथे बदललं तिथे विवाहाचा दाखलाही. जीआरओची पीडीएफ कायदेशीर पुरावा म्हणून धरत नाहीत. इथे कागदी दाखलाच मागवा, आणि टपालाला लागणारा वेळ धरून अर्जाच्या बऱ्याच आधी मागवा.