सिंहगडावरची बंगली

मे महिन्यात पहाटे गड चढून आलेला पुणेकर टिळक बंगल्यापाशी घटकाभर थांबतो, फोटो काढतो आणि पिठलं-भाकरीच्या वासामागे निघून जातो. लोकमान्यांनी इतक्या उंचावर घर का केलं असेल? शिवरायांचा गड, एकांत, वाचन-लेखन ही उत्तरं आपल्याकडे तयार असतात आणि ती खोटीही नाहीत. पण त्यांच्याही आधीचं एक अगदी साधं उत्तर आहे, ते म्हणजे उन्हाळा.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि सिंहगड १,३०० मीटरच्या थोडा वर. दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे पेठेत चाळीस अंश असताना गडावर पस्तीसच्या आसपास. शिवाय वारा. वाळ्याचे पडदे भिजवून आणि रात्री गच्चीवर अंथरुणं टाकून दिवस काढणाऱ्या शहराला हे पाच अंश फार मोठे होते.

हे गणित आधी साहेबाने ओळखलं. १८१८ मध्ये सिंहगड इंग्रजांच्या हाती गेला आणि किल्ला म्हणून त्याचं काम संपलं. पुढे पुण्यातले युरोपियन एप्रिल-मे महिन्यांत तिथे राहायला जाऊ लागले आणि त्यांच्यासाठी गडावर बंगले उभे राहिले. पुरंदरावर तर गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधामच झालं. त्यामुळे या किल्ल्यांवर दिसणारा प्रत्येक चौथरा शिवकाळातला नसतो. एखाद्याच्या आठवणी मावळ्यांच्या नसून हवा पालटायला आलेल्या कप्तानाच्याही असू शकतात!

खुद्द सरकारही ऋतूप्रमाणे बिऱ्हाड हलवत असे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८च्या सुमारास साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून महाबळेश्वरची जागा मोबदल्यात दुसरं गाव देऊन मिळवली. तिथल्या बाजारपेठेला माल्कम पेठ हे नाव पडलं ते त्यांच्यावरूनच. पुढे मुंबई इलाख्याच्या कारभाराचं वेळापत्रकच ठरून गेलं: हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा पुण्यात. महाबळेश्वरात पाऊस इतका, की जूनमध्ये घरांच्या भिंतींना गवताचे आडोसे बांधून मंडळी खाली उतरत. पुण्यात सगळा पावसाळा मिळून सातशे मिलिमीटरच्या आसपास, मुंबईत त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणजे आपण ज्या शहरातून थंड हवेला पळतो, ते शहर दुसऱ्या कुणाचं तरी हवापालटाचं ठिकाण होतं.

पावसाळ्यात आधी गव्हर्नराचा मुक्काम पुण्याजवळच्या दापोडीला असे. गणेशखिंडीतल्या नव्या वाड्याचं काम १८६४ मध्ये सुरू होऊन १८७१ मध्ये पुरं झालं. काम सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १८६३ मध्ये, बोरघाटातून रेल्वे सुरू झाली होती, त्यामुळे दप्तरांच्या पेट्या आणि साहेबांची कुटुंबं वर आणणं सोपं झालं. तोच वाडा १९४९ पासून विद्यापीठाचा.

समुद्राकाठी मात्र पुणेकराने उन्हाळी घर बांधलं नाही. कोकणातल्या मूळ घरी मे महिन्यात जाणं व्हायचं ते आंब्या-फणसांसाठी आणि माणसांसाठी. हवेसाठी नव्हे, कारण तिथली मे महिन्यातली हवा अंगाला चिकटते. शिवाय ते घर बारा महिने चुलत्यांनी राखलेलं असे, त्याला बंगली कोण म्हणेल? किनाऱ्यावर सुटीची घरं केली ती मुख्यतः मुंबईकरांनी. अलिबागजवळच्या किहीमला सासरच्या मंडळींच्या अशाच घरी राहून सालिम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला, तो १९३० मध्ये प्रसिद्ध झाला.

सिंहगडाकडे पुन्हा वळू. टिळकांचा बंगला ज्या जागेवर आहे ती रामलाल नंदराम नाईक यांच्याकडून विकत घेतलेली. म्हणजे हवापालटाची साहेबी सवय एव्हाना पेठांमध्ये पोचली होती. मला यात गंमत वाटते ती अशी, की कॅम्पातल्या गोऱ्यांनी उन्हाळ्यापुरता वापरलेला डोंगर साहेबांशी आयुष्यभर भांडलेल्या माणसाने त्याच कारणासाठी निवडला आणि त्याला पुन्हा गड केलं. १९१५ मध्ये गांधीजी आणि टिळक यांची भेट याच बंगल्यात झाली.

गडावर राहायचं तर पाण्याची सोय हवी. ती इंग्रजांना करावी लागली नाही, कातळात खोदलेली जुनी टाकी होतीच. त्यातल्या देवटाक्याचं पाणी उन्हाळ्यातही गार. पुण्यात आले की गांधीजी ते मुद्दाम मागवून घेत, असं गडावर आजही सांगतात. सांगणारा बहुधा मडक्यातलं दही विकत असतो, आणि हे सांगता सांगता तुमच्यापुढे एक मडकं सरकवतो.