वॉरंट कॅनरी

वॉरंट कॅनरी : ग्राहकांची माहिती मागणारा गुप्त सरकारी आदेश आपल्याला आजवर मिळालेला नाही, असे सेवादात्याने ठरावीक मुदतीने प्रसिद्ध करावयाचे निवेदन. आदेशासोबत मौनाची सक्ती असली, तर तो मिळाल्याचे सांगता येत नाही. निवेदन थांबले, की ग्राहकाने काय ते ओळखावे. विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून ब्रिटनच्या कोळसाखाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत, त्यावरून हे नाव पडले.

उगम बहुधा २००२ च्या सुमाराचा. अमेरिकेतील २००१ च्या पेट्रियट कायद्याने एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेच्या ‘नॅशनल सिक्युरिटी लेटर’ची, म्हणजे ग्राहकांची माहिती मागणाऱ्या पत्राची, व्याप्ती वाढली होती. हे पत्र न्यायाधीशाच्या पूर्वमंजुरीवाचून निघते. त्यावरचा हा उपाय सायफरपंक (सांकेतिक लेखनाने खाजगीपणा जपू पाहणाऱ्या) मंडळींपैकी स्टीव्हन शीअर यांनी सुचविला, असे सामान्यतः मानतात. त्याच सुमारास व्हरमाँटच्या ग्रंथपाल जेसमिन वेस्ट यांनी ‘एफबीआय इथे आलेली नाही, ही पाटी निघते का ते पाहा’ अशा आशयाच्या पाट्या केल्या. काहींच्या मते खरा आरंभ या पाट्यांचा. तत्त्व दोहोंकडे एकच आहे. तथापि संगणकसेवांपुरते पाहता शीअर यांना मान देणे अधिक सयुक्तिक वाटते. व्यापारी सेवांत आरसिंक डॉट नेट या माहिती साठविणाऱ्या सेवेने २००६ मध्ये ही प्रथा सुरू केली. तिच्या निवेदनावर पीजीपी स्वाक्षरी (लेखकाची खात्री पटविणारी सांकेतिक खूण) असते आणि त्यात ताज्या बातम्यांचे मथळे असतात. त्यामुळे ते आगाऊ लिहून ठेवता येत नाही.

निवेदन थांबण्याचा अर्थ लावणे मात्र अवघड. राइझअप या ईमेल सेवेचे निवेदन २०१६ च्या उत्तरार्धात लांबले. कारण कळले ते फेब्रुवारी २०१७ मध्ये : एफबीआयचे दोन मोहोरबंद, म्हणजे गुप्त ठेवलेले, वॉरंट, दोन्ही खंडणीखोरांच्या तपासातले. तिच्यावर विसंबलेल्या कार्यकर्त्यांनी मधले महिने धास्तीत काढले, ही या पद्धतीची मोठीच उणीव होय. रेडिट या चर्चास्थळाच्या २०१६ मधील अहवालातून असे निवेदन गळाले, पण खुलासा झाला नाही. निवेदनांवर नजर ठेवणारा ‘कॅनरी वॉच’ उपक्रम २०१५ मध्ये निघाला आणि २०१६ मध्ये थांबला.

खोटे निवेदन करण्याची सक्ती अमेरिकी घटनेच्या, भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या दुरुस्तीविरुद्ध ठरेल, असे समर्थक म्हणतात. उलट, निवेदन हटविणे हाच मौनभंग, असा दुसरा पक्ष आहे. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये पत्रकारांविषयीच्या विशिष्ट वॉरंटांबाबत, वॉरंट नाही असे सांगण्यासही मनाई केली.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २००९ चे नियम माहिती टिपण्याच्या आदेशांबाबत गुप्तता बंधनकारक करतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणकसुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन (ग्राहकाची जालावरची ओळख झाकणाऱ्या) सेवांना ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपण्यास फर्मावले. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क इत्यादींनी भारतातील सर्व्हर काढून घेतले.