चामखीळ आजची, संसर्ग कधीचा?

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) औषधाच्या दुकानात गुप्तांगावरच्या चामखिळीसाठी आवाज खाली करून "भाऊ, चामखिळीचं काही द्या" म्हणणारा माणूस बहुतेकदा हातापायाच्या चामखिळीचं ॲसिड घेऊन जातो. ते गुप्तांगावर लावायचं नसतं. नाजूक कातडी भाजते. चुना-सोड्याचंही तेच.

पण घरं मोडतो तो दुसराच गैरसमज: चामखिळीचे कोंब आज दिसले, म्हणजे जोडीदारानं आत्ताच बाहेर काहीतरी केलं. तसं नसतं. ही चामखीळ ज्यामुळे येते तो एचपीव्ही हा लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू काही आठवडे, महिने, कधी वर्षंही गुपचूप राहतो. कोणाकडून आणि केव्हा आला, हे कुठलीच तपासणी सांगत नाही.

निदान बहुधा नुसतं पाहून होतं: फुलकोबीच्या तुऱ्यासारखे, सहसा न दुखणारे कोंब. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा (तिथे रोजचंच आहे हे). डॉक्टर कोंब गोठवतात, जाळतात किंवा लावायचं औषध देतात. गरोदर असाल तर आधी सांगा, काही औषधं चालत नाहीत. कोंब गेले तरी विषाणू उरू शकतो, म्हणून पहिल्या काही महिन्यांत ते पुन्हा उगवू शकतात.

आणि कॅन्सर? बहुतेक कोंब एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांचे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे मुख्यतः १६ आणि १८, म्हणजे वेगळे प्रकार.