श्रेणी आणि काठिण्यपातळी (अमेरिकी महाविद्यालयीन प्रवेश)

अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांच्या प्रवेशप्रक्रियेत विद्यार्थ्याला कोणत्या श्रेणी मिळाल्या, याइतकेच त्या कोणत्या विषयांत मिळाल्या याला महत्त्व असते. या दुसऱ्या निकषाला तिथे ‘रिगर’ म्हणतात; मराठीत ‘काठिण्यपातळी’ हा त्याला जवळचा शब्द. दोन्हींचा पुरावा एकाच कागदावर असतो, तो म्हणजे नववी ते बारावीची गुणपत्रिका अर्थात ट्रान्सक्रिप्ट. ठरावीक टक्क्यांची कटऑफ लावून यादी जाहीर करण्याची पद्धत या महाविद्यालयांत नाही. अर्ज माणसे वाचतात आणि गुणपत्रिकेचा अर्थही तीच लावतात.

श्रेणींच्या सरासरीला जीपीए म्हणतात. ‘ए’चे ४, ‘बी’चे ३, ‘सी’चे २ असा हिशेब असतो. अवघड विषय घेणाऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून बऱ्याच शाळा ऑनर्स विषयाला (म्हणजे नेहमीच्या विषयाच्या अधिक कठीण वर्गाला) अर्धा आणि एपी किंवा आयबी या महाविद्यालयीन पातळीच्या अभ्यासक्रमांतल्या विषयाला एक गुण जादा देतात. ही भारित सरासरी. त्यामुळे ४ च्या मोजपट्टीवर ४.४ असे चमत्कारिक आकडे दिसतात. गंमत अशी की, ज्याची भारित सरासरी ४.५ आहे त्याने आवडीने संगीताचा साधा वर्ग घेतला आणि त्यात ‘ए’ मिळवला, तरी त्याची सरासरी खाली येते. भार देण्याची रीत शाळेगणिक वेगळी असल्याने अनेक महाविद्यालये शाळेचा आकडा बाजूला ठेवून स्वतःचा हिशेब करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या नेमून दिलेल्या विषयांच्याच श्रेणी सरासरीत धरते. जादा गुणही जास्तीत जास्त आठ सत्रांचे मिळतात आणि त्यांत दहावीची सत्रे चारांहून अधिक चालत नाहीत.

एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) हा कार्यक्रम कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून चालवते. मे महिन्यात त्याची परीक्षा होते आणि १ ते ५ असे गुण मिळतात. वर्गातली श्रेणी वेगळी आणि हे परीक्षेचे गुण वेगळे. नवख्या पालकांचा इथे हमखास गोंधळ होतो. आयबीची (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) स्थापना १९६८ मध्ये जिनिव्हात झाली. तिच्या डिप्लोमात सहा विषयांचे प्रत्येकी ७ आणि इतर घटकांचे ३ मिळून कमाल ४५ गुण असतात.

काठिण्यपातळी जोखताना त्या शाळेत काय शिकवले जाते हे आधी पाहिले जाते. अर्जासोबत शाळा आपले माहितीपत्रक पाठवते. त्यात उपलब्ध विषय आणि श्रेणी देण्याची पद्धत यांची माहिती असते. शिवाय शाळेचा समुपदेशक एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर देतो: इथल्या इतर मुलांच्या तुलनेत या विद्यार्थ्याने निवडलेला अभ्यासक्रम किती कठीण होता? ‘सर्वांत कठीण’ हा त्यातला सर्वांत वरचा पर्याय. म्हणून तीनच एपी विषय असलेल्या शाळेतल्या मुलीने तिन्ही घेतले, तर तिची बाजू भक्कम ठरते. वीस विषय असलेल्या शाळेत तीनच घेणाऱ्याकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहिले जाते. अर्थात, शाळेत कॅल्क्युलसच नसेल तर ते न घेतल्याचा दोष येत नाही, हे तत्त्व ऐकायला सोपे आहे. अभियांत्रिकीचा वर्ग भरताना त्याची कसोटी लागते.

सोप्या विषयात ‘ए’ बरा की कठीण विषयात ‘बी’, हा नेहमीचा प्रश्न. कठीण विषयात ‘ए’, हे प्रवेश अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर विनोदी वाटले तरी अतिनिवडक संस्थांपुरते खरेच आहे. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात पुढे आलेली आकडेवारी पाहावी. एका वर्षीच्या सुमारे २६,००० देशांतर्गत अर्जदारांपैकी ८,००० हून अधिक जणांची सरासरी पैकीच्या पैकी होती आणि जागा २,००० हूनही कमी. अशा ठिकाणी श्रेणी दार उघडून देत नाहीत, फक्त दारापर्यंत पोचवतात. एखादा ‘बी’ बुडवतो असे नव्हे. पण सगळीकडे ‘सी’ पडत असतील तर विषयांची यादी कितीही भारदस्त असली तरी उपयोग नसतो. नववीत अडखळून पुढे चढत गेलेला आलेख मात्र बरेच अधिकारी सहानुभूतीने वाचतात.

श्रेणीवाढीमुळेही काठिण्यपातळीचे वजन वाढले. देशपातळीवरील गुणपत्रिकांच्या सरकारी पाहणीत हायस्कूल पदवीधरांची सरासरी १९९० मध्ये २.६८ होती, ती २०१९ मध्ये ३.११ झाली. ‘ए’ सर्रास झाल्यावर तो कशात मिळवला हे विचारणे ओघानेच आले.

टेक्सासचा मार्ग निराळा. १९९७ च्या कायद्याने तिथे वर्गातल्या वरच्या १० टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळू लागला. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ही मर्यादा पुढे आणखी आवळली गेली. सरासरीवरून लागणारा क्रमांकच निर्णायक ठरल्याने कोणत्या विषयाला किती भार, हा तिथे शाळेपुरता तांत्रिक मुद्दा राहत नाही.

प्रवेश मिळाल्याचे पत्र हाती आले तरी बारावीच्या श्रेणी संपत नाहीत. शाळा वर्षाच्या मध्यावर आणि शेवटी पुन्हा गुणपत्रिका पाठवते. अर्जात लिहिलेला कठीण विषय मध्येच सोडला किंवा श्रेणी फार घसरल्या, तर महाविद्यालय खुलासा मागते आणि प्रसंगी दिलेला प्रवेश मागेही घेते.