तेलविहिरीतलं इंचभर सिमेंट

18 एप्रिल 2010. मेक्सिकोच्या आखातातल्या मकोंडो तेलविहिरीसाठी हॅलिबर्टन कंपनीच्या ऑप्टिसेम या सॉफ्टवेअरने अहवाल दिला की, ठरलेल्या पद्धतीने सिमेंट भरलं तर वायू वर येण्याचा धोका गंभीर आहे. 20 एप्रिलच्या रात्री डीपवॉटर होरायझन या तेलमंचावर स्फोट झाला. 11 माणसं गेली आणि समुद्राच्या तळाशी विहीर 87 दिवस तेल ओकत राहिली. ‘संगणकाने सांगितलं होतं, माणसांनी ऐकलं नाही’ अशी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे.

विहिरीच्या भोकात पोलादी नळी, म्हणजे केसिंग, उतरवतात आणि नळी व खडक यांच्यामधली पोकळी सिमेंटने भरतात. सिमेंट नळीच्या आतून खाली पंप करायचं. तळाशी पोचलं की ते बाहेरच्या बाजूने वर चढतं आणि तिथला ड्रिलिंगचा चिखल, म्हणजे विहीर खोदताना तिच्यात भरलेला जड द्रव, ढकलत नेतं. मकोंडोत ही पोकळी जेमतेम इंच-दीड इंचाची होती आणि विहिरीचा तळ समुद्रसपाटीपासून साडेपाच किलोमीटर खाली.

आता नळी मधोमध न राहता एका अंगाला कलली, असं समजा. एका बाजूची फट समोरच्या फटीच्या दुप्पट झाली. साध्या पातळ द्रवाचा वेग फटीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे रुंद बाजूने तो चौपट वेगाने धावेल. चिखलाचं तर याहून कठीण. ठरावीक जोर लागल्याशिवाय तो जागचा हलतच नाही. मग सिमेंट रुंद बाजूने निघून जातं आणि अरुंद बाजूला चिखलाची उभी पट्टी अडकून राहते. पुढे तीच वायूची वाट होते. ऑप्टिसेमसारखं मॉडेल विहिरीचे खोलीनुसार तुकडे पाडून प्रत्येक ठिकाणी हाच हिशोब मांडतं.

नळी मधोमध राहावी म्हणून तिच्यावर सेंट्रलायझर बसवतात. मकोंडोत हाताशी सहाच होते. आणखी 15 हेलिकॉप्टरने मागवले, पण ते चुकीच्या प्रकारचे आहेत असं समजून वापरलेच नाहीत. 21 धरले तेव्हा मॉडेलने धोका किरकोळ दाखवला होता, 7 धरल्यावर गंभीर. प्रत्यक्षात सहाच बसले.

पण नंतरच्या चौकशांचा निष्कर्ष असा निघाला की तेल-वायू बाहेरच्या पोकळीतून आले नव्हते. ते नळीच्या तळातल्या सिमेंटमधून आणि तिथल्या झडपांमधून थेट आत शिरले. म्हणजे मॉडेलने ज्या वाटेबद्दल बजावलं, ती ही वाट नव्हतीच! तिथला खडक कमकुवत, म्हणून सिमेंट हलकं करायला त्यात नायट्रोजनचे बुडबुडे मिसळले होते. हा फेस टिकेल हे त्या हिशोबात गृहीतच होतं. आधीच्या प्रयोगशाळा चाचण्यांत मात्र तो अस्थिर निघाला होता. सिमेंट कसं धरलं आहे हे ध्वनिलहरींनी तपासणारं पथक मंचावर आलेलं होतं. त्यांना 20 एप्रिलच्या सकाळी काम न करताच परत पाठवलं. मला ही चूक सेंट्रलायझरपेक्षा मोठी वाटते, कारण कुठल्याही सॉफ्टवेअरला न दिसलेलं काही हाती लागायची ती संधी होती.

सिमेंट नीट बसलं तरी काम संपत नाही. विहीर चालू झाली की गरम तेलाने नळी तापते. दोन्ही टोकांना जखडलेली पोलादी नळी 100 अंश सेल्सिअसने तापली, तर तिच्यात साधारण 240 मेगापास्कलचा ताण साठतो. सिमेंट दाब बराच सोसतं, पण ओढलं तर काही मोजक्या मेगापास्कललाच तडकतं. तापलेली नळी फुगून त्याला बाहेर रेटते. विहीर बंद पडून थंड झाली की आक्रसते आणि दोघांमध्ये केसाहून बारीक फट पडू शकते. अशी आवर्तनं वर्षानुवर्षं चालतात. हे ताण काढायला फायनाइट एलिमेंट पद्धतीची, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकातला ताण मोजणारी, मॉडेल वापरतात, आणि त्यांना सर्वांत आधी सांगावं लागतं ते हे की, सिमेंट घट्ट होताना किती आकसलं आणि त्या क्षणी त्यात किती ताण होता.

मुंबई हायमधून 1976 पासून तेल निघतंय. तिथल्या जुन्या विहिरींचं असं गणित मांडायचं तर भरणीच्या दिवशीची कागदपत्रं हवीत: किती सिमेंट गेलं, कोणत्या दाबाने, वर किती चिखल परत आला. ती जपलेली नसतील, तर कितीही ताकदीच्या संगणकावर सुरुवातीचा आकडा अंदाजानेच भरावा लागतो.