खुलासा: मीटर, वार आणि 2.54

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर कापड घेताना अजून कानावर येतं, "मीटर काय नि वार काय, एकच की!" एकच नाही. वार 36 इंचांचा, मीटर 39.37 इंचांचा. ब्लाउजपीसला फरक जाणवायचा नाही, पण पडद्यांसाठी दहा मीटर घेतलं तर तो 33.7 इंच होतो, म्हणजे जवळजवळ अख्खा वार. नऊवारी साडी हिशेबाने 8.23 मीटर भरते, 9 नव्हे.

दुसरा समज शिकलेल्यांचा, आणि तो जास्त चिवट: "इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर, पण ते अंदाजे. पुढे बरेच दशांश आहेत." 1959 पूर्वी हे खरं होतं. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या इंचांतही तेव्हा सूक्ष्म फरक होता (कापडाला काय, लाकडालाही न कळणारा). त्या वर्षी झालेल्या करारात वार बरोबर 0.9144 मीटर ठरला. त्याला 36 ने भागा: 0.0254, बाकी शून्य. दशांशांची शेपटी लागते ती उलट्या हिशेबात, मीटरचे इंच करताना.

इचलकरंजीच्या कापडाची लांबी मीटरात आणि पन्हा (रुंदी) इंचात सांगतात. 58 इंची पन्हा म्हणजे 1.4732 मीटर, बिनचूक.